जबड्याचं ऑपरेशन करावं का? दातांना तारा लावण्याआधी वाचा

माझे वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांवर कधी बसलेच नाहीत. खालचा जबडा पुढे, वरचा मागे. इंदूरच्या सराफ्यात कचोरी हातात आली की मी ती तोंडाच्या कोपऱ्यात सरकवून दाढेखाली तोडायचे, आणि बरीच वर्षं मला वाटायचं की सगळे असंच खातात. बाविसाव्या वर्षी माझ्या दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन झालं. त्याला आता नऊ वर्षं झाली. रामबागेतून, सुदामानगरातून, कधी देवास-महूहून कुणाची तरी आई फोन करते आणि विचारते, "डॉक्टरांनी मुलीला जबड्याचं ऑपरेशन सांगितलंय, करू का गं?" त्या प्रत्येकीला जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. पण डॉक्टरांसमोर बसण्यापूर्वी काय माहीत असावं, हे मला आता नक्की कळलंय.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. दातांना पहिली तार लागण्यापूर्वी ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावून दात सरळ करणारा दंतवैद्य) आणि मॅक्सिलोफेशियल सर्जन (जबड्याचं ऑपरेशन करणारा) या दोघांनी तुमची केस एकत्र बघितली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

पहिली पायरी: दोष दातांचा आहे की हाडाचा

दात वाकडे असणं आणि जबडा पुढे-मागे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दात वाकडे असतील तर तारा पुरतात. हाडाची जागाच चुकलेली असेल तर तारांनी दात हलतील, हाड हलणार नाही. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये दातांच्या मिटण्याचे तीन वर्ग पाडले, ते आजही वापरात आहेत. दाढा जागेवर असल्या तर पहिला वर्ग, खालच्या दाढा मागे पडल्या तर दुसरा, पुढे गेल्या तर तिसरा. माझा तिसरा. फाइलवर असा आकडा दिसला तर घाबरू नका. तो फक्त दाढा कशा बसतात ते सांगतो, ऑपरेशन लागेल की नाही ते नाही.

घरी आरशासमोर काही गोष्टी बघता येतात. दाढा नेहमीसारख्या मिटा आणि ओठ बाजूला करा. वरचे पुढचे दात खालच्यांना थोडेसे झाकतात का? की खालचे बाहेर आहेत? की दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते, आणि पोळीचा तुकडा किंवा दोरा पुढच्या दातांनी तुटतच नाही? खालचे दात वर टाळूला टोचतात का? ओठ सहज मिटतात, की मिटवताना हनुवटीला खळ्या पडून ती आक्रसते? मग एक स्वच्छ पेन्सिल दोन्हीकडच्या सुळ्यांच्या मागे आडवी धरून चावा. डोळ्यांच्या रेषेशी ती समांतर दिसली नाही तर वरचा जबडा एका बाजूला कललेला असू शकतो. डॉक्टरसुद्धा लाकडी पट्टी धरून हेच बघतात.

घरच्यांना एक विचारा: रात्री घोरता का, झोपेत श्वास अडखळल्यासारखा होतो का, सकाळी तोंड कोरडं पडलेलं असतं का? लहान किंवा मागे पडलेल्या जबड्यामुळे घशामागची श्वासाची वाट अरुंद होते. झोपेत श्वास थांबण्याच्या आजारावर दोन्ही जबडे पुढे आणण्याचं ऑपरेशन करतातही. डॉक्टर दातांबद्दलच विचारतील, तेव्हा झोपेची गोष्ट तुम्ही आपणहून सांगा.

दुसरी पायरी: वय

मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा. वाढ चालू असते तोवर हाडाला वळण देता येतं. खालचा जबडा मागे असेल तर वयात येतानाच्या वाढीच्या काळात काढता-घालता येणारी उपकरणं मिळतात. वरचा मागे असेल तर चेहऱ्यावर लावायचा मास्क असतो, आणि तो शक्यतो आठ-दहा वर्षांच्या आतच चांगलं काम करतो. ही वेळ एकदा गेली की परत येत नाही.

मोठ्यांसाठी नियम उलटा आहे. वाढ पूर्ण झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. मुलींची वाढ साधारण सोळा-सतराला थांबते, मुलांची अठरा ते विसाव्या वर्षापर्यंत चालते, आणि पुढे आलेला खालचा जबडा सगळ्यात उशिरापर्यंत वाढतो. म्हणून डॉक्टर काही महिन्यांच्या अंतराने बाजूचा एक्स-रे काढून दोन्ही एकावर एक ठेवून बघतात. "लग्नाआधी उरकून घेऊ" म्हणून या थांबण्यात घाई केली आणि जबडा पुढे वाढतच राहिला, तर सगळं पुन्हा करावं लागतं.

तिसरी पायरी: दोन डॉक्टर, एकच योजना

इथे माझी गोष्ट सांगायलाच हवी. पंधराव्या वर्षी घराजवळच्या एका दवाखान्यात मला तारा लागल्या. खालच्या दोन उपदाढा काढल्या, खालचे पुढचे दात आत ओढले, अडीच वर्षांत दात सरळ झाले. हाडाचा दोष दातांच्या तिरकेपणाने झाकायच्या या पद्धतीला कॅमोफ्लाज म्हणतात. दोष थोडा असेल आणि वाढ संपलेली असेल तर ती चांगली पद्धत आहे. माझा दोष थोडा नव्हता आणि मी वाढत होते. एकोणिसाव्या वर्षी खालचे दात परत बाहेर आले. ऑपरेशनसाठी नेमकं उलटं करावं लागलं: आत ओढलेले दात परत पुढे, आणि काढलेल्या उपदाढांची जागा पुन्हा उघडी. निरोगी दोन दात गेले ते गेलेच. त्या पंधराव्या वर्षी कुणी आईला म्हणालं असतं, "हिला पुढे कदाचित ऑपरेशन लागेल, थांबून बघूया," तर आई थांबली असती. तिला अजून त्याची खंत आहे.

तेव्हा दोन माणसं शोधा, दोघंही एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेतलेले. एक ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, दुसरा ओरल आणि मॅक्सिलोफेशियल सर्जरीत. इंदूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, शिवाय खासगी दंत महाविद्यालयंही आहेत. महाविद्यालयाचा फायदा हा की दोन्ही विभाग एकाच इमारतीत असतात आणि एकाच खुर्चीभोवती दोघांना उभं करता येतं. खासगीत जाणार असाल तर दोघांनी आधी मिळून केसेस केल्या आहेत का, ते विचारा.

आपल्याकडे नातेवाईक लगेच म्हणतात, "पुण्याला कर, तिथे मामा आहे." करा, हरकत नाही. पण तारांसाठी दोन-अडीच वर्षं जवळजवळ दर महिन्याला खुर्चीत बसायचं असतं. ऑर्थोडॉन्टिस्ट हाताशी, म्हणजे इथलाच असू द्या. सर्जन बाहेरगावचा निवडलात तर दोघांचं आपसांत बोलणं तुमच्यामार्फत होता कामा नये. त्यांनी एकमेकांशी थेट बोलावं आणि एक्स-रे, मॉडेल, योजना दोघांकडे सारखी असावी.

तपासण्यांत दातांचे साचे, फोटो, सगळे दात एका पट्टीत दाखवणारा ओपीजी आणि सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, असतो. बऱ्याचदा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅनही करतात. सेफॅलोग्रामवर कोन मोजतात. एसएनए सुमारे ८२ अंश, एसएनबी सुमारे ८०, आणि दोघांतला फरक, एएनबी, सुमारे २ असा ठोकताळा आहे. पहिला कोन वरच्या जबड्याचा, दुसरा खालच्याचा. माझा फरक उणे होता, म्हणजे खालचा जबडा वरच्याच्या पुढे. पण हे आकडे मुळात गोऱ्या अमेरिकन चेहऱ्यांवरून ठरलेले आहेत. भारतीय चेहऱ्याची ठेवण वेगळी असते, म्हणून चांगला डॉक्टर आकड्याइतकंच तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. नुसत्या कागदावरून ऑपरेशन सांगणाऱ्याकडून उठून या.

चौथी पायरी: विचारायचे प्रश्न

वहीत लिहून न्या, खुर्चीत बसल्यावर सुचत नाही. ऑपरेशन नाही केलं तर दहा वर्षांनी काय होईल? फक्त तारांनी किती सुधारेल, आणि ते टिकेल का? खालचा मागे नेणार की वरचा पुढे आणणार, आणि असं का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. खालचा जबडा फार मागे नेला तर श्वासाची जागा कमी होऊ शकते, म्हणून माझ्यासारख्यांत बहुतेक वेळा वरचा पुढे आणण्यावर भर देतात. माझा वरचा पाच मिलिमीटर पुढे आणि खालचा चार मिलिमीटर मागे नेला. तुमच्या जबड्यांचे मिलिमीटर तुम्हाला माहीत असायला हवेत.

आणि हे सगळं घरच्यांसाठी मराठीत उलगडून सांगा. दवाखान्यात बोलणं हिंदीत होतं, संमतीपत्र बहुधा इंग्रजीत असतं. माझ्या आजीच्या कानावर फक्त "हाड कापणार" एवढंच पडलं आणि तिने दोन दिवस अन्न टाकलं. मग मी तिला साच्यांवर दाखवलं, हे इथून सरकवणार, असं बसवणार. ती म्हणाली, "हे आधी का नाही दाखवलंस?"

पैशांचं

एकच आकडा विचारू नका, तुकडे मागा: तारा, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू, स्प्लिंट (ऑपरेशनमध्ये दात नेमके जुळवायची प्लास्टिकची पट्टी), खाटेचे दिवस, नंतरच्या भेटी. दोन दवाखान्यांतला फरक बहुतेक वेळा पट्ट्यांच्या कंपनीत आणि खोलीच्या दर्जात निघतो.

आरोग्य विमा असेल तर आशा ठेवा, पण भरवसा नको. पॉलिसीत सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचं कलम असतं, विमा नियामकाच्या प्रमाणित यादीत ते आठव्या क्रमांकाचं आहे. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा प्रकृतीला थेट धोका असेल तरच त्यातून सूट मिळते. दातांच्या उपचारांचं वेगळं कलम असतं ते निराळं. खाता येत नाही, श्वास अडतो, सांध्याला त्रास आहे, हे सर्जनने पत्रात स्पष्ट लिहून द्यावं. ते पत्र भरतीआधी कंपनीकडे पाठवा आणि लेखी उत्तर मागा. फोनवरचं "हो जाएगा मॅडम" धरू नका.

पाचवी पायरी: दिसणं आधी बिघडतं

हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जबडा चुकीच्या जागी असला की दात आपणहून सांभाळून घेतात. माझे खालचे आत झुकले होते, वरचे बाहेर, फट थोडी कमी दिसावी म्हणून. ऑपरेशनआधी तारांनी हे दात आपापल्या हाडावर सरळ उभे करतात, नाहीतर जबडा योग्य जागी आणल्यावर दात आडवे येतात. म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्ष दोष वाढतच जातो. माझा खालचा ओठ आधीपेक्षा पुढे आला, फोटोत मी बाजूने उभं राहणं सोडलं. एका लग्नात आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "तारा लावून तर आणखीच बिघडलं की, डॉक्टर नीट आहे ना?" माझ्याकडे उत्तर होतं, पण मांडवात काय समजावणार? घरी येऊन रडले.

ऑपरेशनच्या वाटेने जाणार असाल तर ही गोष्ट घरातल्या मोठ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. या काळात मुलगी बघायला येणार असतील तर ते पुढे ढकला, खरंच. कॉलेज, नोकरी, सगळं चालू ठेवता येतं. काही निवडक केसेसमध्ये आधी ऑपरेशन आणि मग तारा, असा क्रमही असतो. तुम्हाला तो चालेल का, हे विचारा, पण हट्ट धरू नका. तो सगळ्यांना लागू पडत नाही.

खालच्या अक्कलदाढा असतील तर त्या बहुतेक वेळा ऑपरेशनच्या सहा महिने तरी आधी काढायला सांगतात, कारण खालचं हाड जिथे उभं चिरतात तिथेच त्या बसलेल्या असतात. आणि गुटखा, तंबाखू, सिगारेट बंद. मुलगा आईसमोर कबूल करणार नाही, तेव्हा त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. तंबाखूने जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात, आणि सुपारी-गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर ऑपरेशनचं सगळं गणितच बदलतं.

सहावी पायरी: ऑपरेशनचा दिवस

पूर्ण भूल देतात. श्वासाची नळी नाकातून घालतात, कारण दात मिटवून जुळतात का ते मध्येच बघायचं असतं. बहुतेक सगळ्या चिरा तोंडाच्या आतून असतात. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वरून आडवा मोकळा करतात. याला ल फोर्ट वन म्हणतात. रने ल फोर्ट या फ्रेंच सर्जनने १९०१ मध्ये चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर मोडतात ते दाखवलं होतं, त्याचं हे नाव. खालचा जबडा दोन्हीकडे दाढांच्या मागे दोन थरांत उकलतात आणि थर एकमेकांवरून सरकवतात. ही पद्धत १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेसर या सर्जनांनी मांडली. मग छोट्या टायटॅनियम पट्ट्यांनी घट्ट करतात. पूर्वी दात सहा-सहा आठवडे तारेने बांधून ठेवायचे. पट्ट्यांमुळे आता बहुतेकांना वरच्या-खालच्या तारांना अडकवायच्या छोट्या रबरांवरच भागतं. पट्ट्या सहसा आयुष्यभर आत राहतात आणि त्रास दिला तरच काढतात.

धोके सरळ सांगते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस त्या उकललेल्या हाडातूनच जाते. सुरुवातीला बधिरपणा जवळजवळ सगळ्यांनाच येतो. बहुतेकांचा काही महिन्यांत, वर्षभरात कमी होतो, काहींचा थोडासा राहतो. माझ्या हनुवटीवर डावीकडे रुपयाएवढी जागा अजून झोपलेली आहे. चहा सांडला तर तिथे कळत नाही. मला ते चालतं, पण "काही होत नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रक्तस्राव, संसर्ग, जबडा थोडा परत सरकणं, कानाजवळच्या सांध्याचा त्रास, वरचा जबडा हलवल्यावर नाक किंचित रुंदावणं, हेही होऊ शकतं.

सातवी पायरी: पहिले सहा आठवडे

दवाखान्यात साधारण दोन ते चार दिवस. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं की माझा चेहरा भोपळ्यासारखा होईल, तरी ती दारातच थबकली. डोकं उंच ठेवून झोपा. पहिले दोन दिवस बर्फ, पुढे डॉक्टर सांगतील तसं. पोटात गेलेल्या रक्ताने एखादी उलटी होते, ती अपेक्षितच असते. वरचा जबडा हलवला असेल तर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. रबरं घट्ट असतील तर उशाशी छोटी कात्री ठेवा आणि घरात दोघांना ती कुठे लावायची ते दवाखान्यातच शिकवून घ्या. ओठांतून अखंड ताजं रक्त वाहणं, श्वास कोंडणं, ताप चढणं, दात अचानक वेगळे मिटणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता फोन करा.

खाणं हीच खरी परीक्षा. पहिले एक-दोन आठवडे फक्त पातळ, मग हाड धरेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, न चावता गिळता येईल असं मऊ. वजन काही किलो उतरतं, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं घ्या. आमच्या घरी मिक्सर दिवसभर चालू असायचा: मुगाचं कढण, तूप घालून पातळ वरण गाळून, नाचणीची आंबील, भाताची पेज, ताक, दुधात प्रोटीन पावडर. आपली इंदुरी दुधाची शिकंजी सुकामेवा गाळून घेतली तर एका पेल्यात बरीच ताकद मिळते. पुढे भगर, मऊ खिचडी, दह्यात कालवलेला भात, अगदी बारीक किसून दुधात मऊ शिजवलेला भुट्ट्याचा कीस. पोह्यांना हात लावू नका, मऊ वाटले तरी चावावे लागतात, आणि वरची शेव तर नकोच. पिण्याची नळी (स्ट्रॉ) वापरायची की नाही ते सर्जनला विचारा, काहीजण मनाई करतात. मला मोठ्या सिरिंजला मऊ नळी लावून घेणं सगळ्यात सोपं गेलं. प्रत्येक घोटानंतर पाणी, मग लहान मुलांच्या ब्रशने हलक्या हाताने दात, मग डॉक्टरांनी दिलेलं माउथवॉश.

तारीख ठरवताना घरचं पंचांग बघा. दिवाळीच्या तोंडावर ऑपरेशन झालं तर चकलीचा वास घेत पेज पिण्याची वेळ येते, आणि आपल्या माळव्यातल्या मे महिन्यात पातळ खाण्यावर असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. कॉलेज किंवा ऑफिसला दोन ते चार आठवडे धरा. धक्का लागेल असे खेळ तीन महिने तरी नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात मन खचतं. सूज आहे, भूक आहे, बोलता येत नाही, आरशात अनोळखी माणूस. मला वाटलं मी मोठी चूक केली. हे इतक्या जणांना होतं की डॉक्टरांनी ते संमतीपत्रातच लिहावं असं मला वाटतं. घरच्यांनी त्या दिवसांत चेहऱ्याबद्दल काहीच बोलू नये, चांगलंही नको. पाटीवर लिहून गप्पा मारा, मटार सोलत शेजारी बसा. तिसऱ्या आठवड्यात सूज बरीच उतरते, पण खरा चेहरा सहा महिने ते वर्षभराने दिसतो. पासपोर्टचा नवा फोटो तोवर काढू नका.

त्यानंतर

तारा आणखी सहा महिने ते वर्षभर राहतात, दात शेवटचे जुळवायला. त्या निघाल्या की रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा. तो न चुकता घाला, थंड पाण्यानेच धुवा, कारण उकळत्या पाण्याने त्याचा आकार जातो. आणि एक जाड फाइल करा: आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, ऑपरेशनचा अहवाल, पट्ट्यांची कंपनी आणि त्यांची संख्या. पुढे कधी एमआरआय करायचा झाला, दात काढायचा झाला किंवा कुणी नवा डॉक्टर भेटला, तर तो पहिल्यांदा हीच फाइल मागतो. माझी आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे.